चष्मेवाल्याची मुलगी

माझं चष्म्याचं दुकान आहे. त्यामुळे माझ्या मुलीची नजर उत्तमच असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तिला घरात आम्ही खारू म्हणतो. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी तिला भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभी करायचो. शेवटची बारीक ओळसुद्धा ती घडाघडा वाचायची. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं आणि मी उगाच मिशीवरून हात फिरवायचो.

खाजगी शाळेत मात्र ती दुसरीतच मागे पडली. मुलगी मंद आहे, वर्ष पुन्हा करावं लागेल, असं शाळेने कळवलं. मी भडकलो, दोन-दोन शिकवण्या लावल्या. खारू जेवताना बोलेनाशी झाली.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, पलीकडच्या गल्लीतली सरकारी शाळा एकदा बघू तरी."

"तिथे घालायची? लोक काय म्हणतील?"

"लोकांना नंतर विचारू. आधी शाळा बघू."

खारूला घेऊन मी गेलो, पण नाक मुरडतच. भिंतींचा रंग उडालेला, एका वर्गात पंचेचाळीस पोरं. बाईंचा आवाज बसलेला. म्हणाल्या, "आज बसू दे हिला. दुपारी या."

दुपारी त्यांनी खारूची वही पुढे केली. "फळ्यावर सत्तावीस होते, शेजारणीने चुकून बहात्तर लिहिलेत, हिनेही तेच. ही फळ्यावरून उतरवतच नाही, शेजारणीचं बघून लिहिते. हिला फळा दिसत नाही."

मला हसू आलं. "बाई, माझं चष्म्याचं दुकान आहे. रोज तक्ता वाचते ती."

"रोज तोच तक्ता?"

मी खारूचा हात धरला. तडक दुकानात आलो आणि कपाटातला दुसरा तक्ता लावला. खारूने जुन्याच तक्त्याची ओळ घडाघडा म्हटली. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"चुकलं का, बाबा? तुम्हाला आवडायचं, म्हणून पाठ केला होता."

भर दुकानात मला रडू कोसळलं.

चष्मा तयार झाला त्या दिवशी तिघंही शाळेत गेलो. बाईंना म्हटलं, "दोन वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही. तुम्ही अर्ध्या दिवसात कसं ओळखलंत?"

"तुमच्याकडे यंत्रं आहेत. आमच्याकडे काहीच नाही, म्हणून मुलांकडे बघत बसतो," बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या. त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं मला. बायकोने प्रवेशाचा अर्ज पुढे केला, मी मुकाट्याने सही केली.

खारू मुद्दाम शेवटच्या बाकावर जाऊन बसली. बाईंनी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि तिला उठवलं. ती वाचायला लागली, अडखळत, एकेक अक्षर जोडत. तिला इतकं अडखळताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि तिचा इतका अभिमानही मला कधी वाटला नव्हता.