बाईंना ऐकू येणारी कटकट

गाडीचं दुखणं हाताने नाही, कानाने ओळखायचं, असं मिस्त्री चाळीस वर्षं सांगत आले होते. सांगताना समोरच्याची थोडी अक्कल काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांची रीत ठरलेली होती. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की मिस्त्री मागच्या सीटवर मधोमध बसणार, डोळे मिटणार, आणि गिऱ्हाइकाने गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत गाडी गोल गोल फिरवायची. चार फेऱ्या झाल्या की मिस्त्री एका हाताचं बोट वर करणार. डाव्या हाताचं म्हणजे बिघाड डावीकडे, उजव्या हाताचं म्हणजे उजवीकडे. ते बोट वर झाल्याशिवाय गॅरेजात पान्याला कुणी हात लावायचा नाही. "चाक खोलून काय, कुणीही सांगेल," ते म्हणत. "मग मिस्त्री कशाला हवा?"

आता एवढा तोरा मिरवणाऱ्या माणसाचे कानच दगा देऊ लागले तर त्याने काय करावं? दोन वर्षं झाली, बारीक आवाज त्यांना सोडून चालले होते. आधी पाखरं गप्प झाली, मग फोनची घंटा. जाड आवाज ऐकू येत, माणसांचं बोलणं ओठ बघून जुळवता येई, आणि जुळलं नाही तर "हं" म्हणून वेळ मारून नेता येई. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गॅरेजात दुसरं माणूस एकच, त्यांची सून. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. सूनबाई सुरुवातीला फक्त फोन घ्यायला म्हणून गॅरेजात बसली, आणि सहा वर्षांत गिअरबॉक्स उतरवू लागली. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं मिस्त्री चारचौघांत म्हणायचे, पण म्हणताना तोंडावर कौतुक मावत नसे.

तर त्या दिवशी सकाळी नर्सबाई आल्या. चार महिन्यांतली ही त्यांची तिसरी खेप. बाई सरकारी दवाखान्यातल्या. डोंगरावरच्या वस्त्यांवर लसी आणि औषधं पोचवायला स्वतःची जुनी उंच एसयूव्ही घेऊन दहा वर्षं फिरणाऱ्या. गाडी उभी केली, पण खाली उतरल्या नाहीत. काच खाली करून म्हणाल्या, "मिस्त्री, आज मला सरळ उत्तर द्या. गाडी आजारी आहे की मी?"

"असं काय बोलता बाई?"

"मग काय बोलू? पहिल्यांदा आले तेव्हा सांगितलं, उजवीकडे पूर्ण वळवली की कटकट आवाज येतो. तुम्ही बोट वर केलंत, सूनबाईंनी उजवा एक्सल नवा घातला. आवाज तसाच. पंधरा दिवसांनी पुन्हा आले. तुम्ही चार फेऱ्या बसलात आणि काय म्हणालात, आठवतं?"

मिस्त्रींना चांगलंच आठवत होतं.

"'आवाज नाही, बाई. वहम आहे तुमचा.' असं म्हणालात. आणि मिस्त्री, त्याच आठवड्यात आवाज खरंच बंद झाला. काही न करता! भावाला मुद्दाम शेजारी बसवून फिरवलं, तर काही नाही. तो हसला मला. आता आठ दिवसांपासून पुन्हा सुरू. वर डोंगरात एकटी असते तेव्हा येतो. कुणाला ऐकवू?" बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "माझ्या आईला छप्पन्नाव्या वर्षी दार वाजल्याचा भास व्हायला लागला. पुढे दोन वर्षांत तिला मीही ओळखू येईनाशी झाले. मला चौपन्न संपलं. हा अर्ज आहे. फिरतीवरून काढा, औषधांच्या कोठारात बसवा, म्हणून. डोकं ठिकाणावर नसलेल्या बाईने लसी घेऊन घाटात गाडी चालवू नये, एवढं मला कळतं. तुम्ही आज पुन्हा आवाज नाही म्हणालात तर मी सही करून देऊन टाकते."

सूनबाई हात पुसत मागे उभी होती. तिच्याकडे वळून बाई म्हणाल्या, "यांनाही मागे विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बाबा सांगतील तेच."

सूनबाईने मान खाली घातली. मिस्त्री मागच्या सीटवर जाऊन बसले.

गाडी फिरू लागली. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि जिवाचे कान केले. इंजिनाची घरघर येत होती, टायरखाली खडी भरडल्याचं जाणवत होतं, त्यापलीकडे काही नाही. चार महिन्यांपूर्वीही हेच झालं होतं. तेव्हा ते घाबरून गेले होते आणि बाई "उजवीकडे वळताना" म्हणाल्या होत्या, तेवढ्यावर त्यांनी उजवं बोट वर करून टाकलं होतं. अरे देवा! जी चूक पहिल्या आठवड्यात शिकाऊ माणूस करतो आणि ज्यासाठी त्यांनी आयुष्यभर लोकांना शिव्या घातल्या, नेमकी तीच. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकावर येतो. उजवीकडे वळताना ओरडतो तो बहुतेक वेळा डावीकडचा सांधा. हे त्यांना झोपेतसुद्धा पाठ होतं, पण त्या दिवशी अब्रूच्या धास्तीने डोकंच चाललं नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. स्टिअरिंगवरची बाईंची बोटं पांढरी पडली होती. चार फेऱ्या झाल्या, पाचवी झाली, आणि मिस्त्रींचा हात काही मांडीवरून उठेना.

"थांबवा," ते म्हणाले. "सूनबाई, जॅक लाव. वर उचलून बघू."

सूनबाई बघतच राहिली. बाईंनी विचारलं, "म्हणजे आवाज आला की नाही?"

"दुपारी या. खोलून सांगतो."

"मिस्त्री, हो की नाही एवढंच विचारतेय मी."

"दुपारी सांगतो म्हटलं ना!" ते खेकसले, आणि बाई अर्ज पर्समध्ये परत घालून पायी दवाखान्याकडे निघून गेल्या. त्यांची पाठमोरी चाल बघून मिस्त्रींना स्वतःचीच चीड आली.

गाडी वर गेली. एक्सल म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा. चाक वळलं तरी तो फिरत राहावा म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, सांध्यात लोखंडी गोळ्या आणि ग्रीस, आणि माती आत जाऊ नये म्हणून त्यावर रबरी बूट चढवलेला. मिस्त्री डाव्या चाकामागे वाकले. दांडा मुठीत धरून मागेपुढे पिळला. ढिला! चांगला बोटभर ढिला. हाताने कळायला अर्धं मिनिटही लागलं नाही. चार महिने कशाला लावले मग?

आणि तेवढ्यात त्यांची नजर बुटावर गेली. गाडी बारा-तेरा वर्षांची, खालचं सगळं मातीने काळवंडलेलं, आणि डाव्या एक्सलचा बूट मात्र कोरा करकरीत. तो आवळणाऱ्या पट्टीचं टोक आत दुमडून नीट चेपलेलं. अशी पट्टी या गॅरेजात एकच माणूस दुमडत असे.

"सूनबाई, इकडे ये. हा बूट कधी चढवलास?"

ती आली. खोटं बोलायचं तिच्या मनात नसावं. "बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा. गाडी इथे ठेवून त्या दवाखान्यात गेल्या होत्या, आणि तुम्ही जेवायला. जुना फाटला होता बाबा, ग्रीस सगळं उडून गेलं होतं. मी धुऊन नवीन ग्रीस भरलं."

"म्हणून आवाज थांबला."

"मला वाटलं कायमचा थांबेल. पण आत आधीच माती गेली असणार."

"म्हणजे तुला ऐकू आला होता. आवाज."

"पहिल्याच दिवशी. रस्त्याने येतानाच ऐकला मी, डावीकडून. तुम्ही उजवं बोट वर केलंत."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"तुमचं बोट वर झाल्यावर या गॅरेजात कुणी बोललंय कधी?"

मिस्त्रींच्या हातातला पाना जमिनीवर आदळला. तो आवाज मात्र त्यांना व्यवस्थित ऐकू आला. "अगं, त्या चाकांवर माणूस फिरतं! घाटात सांधा सुटला असता तर? माझ्या बोटाचं काय कौतुक घेऊन बसलीस! तोंड होतं ना तुला?"

"होतं!" तीही आता चिडली होती. "आणि तोंड उघडलं असतं म्हणजे काय झालं असतं? दोन वर्षं बघतेय मी. फोन वाजतो आणि तुम्ही शेजारी बसून राहता. कळत नाही का मला? तुमचे कान गेले हे एकदा उघडं पडलं की तुम्ही दुसऱ्या दिवसापासून घरी बसाल. इथे पाऊल टाकणार नाही. मग खिडकीशी बसून झुरत जाल, आणि ते मला बघवणार नाही. चुकलंच माझं. पण सांगवलं नाही."

एवढी खबरदारी घेऊन मिस्त्रींनी जे झाकलं होतं ते घरातल्या माणसाने केव्हाच बघून पांघरूण घातलं होतं. लाज वाटली, राग आला, आणि ही पोर आपल्यासाठी एवढं पोटात ठेवून राहिली याचं कौतुकही वाटलं. हे सगळं एकदम. त्यांनी पाना उचलला.

"ब्रेक दाबून धर. मधला नट सोडवतो."

पान्याला लांब पाइप अडकवून त्यांनी भार टाकला, नट सुटला. चाक निघालं, खालचा सांधा मोकळा केला, गिअरबॉक्समधलं तेल पातेल्यात उतरलं. पहार टेकवून सूनबाईने हलकेच उचकलं तसा एक्सल बाहेर आला. जुना सांधा मिस्त्रींनी मुद्दाम उघडून बघितला. गोळ्या जिथे फिरतात त्या खाचा नखाने चाचपता येतील इतक्या खोल खाल्ल्या होत्या. हे आठ दिवसांचं काम नव्हतं.

नवा एक्सल आत सरकवताना शेवटी एक टक होतो. आतली कडी जागेवर बसल्याची ती खूण. मिस्त्री सवयीने कान लावून थांबले आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

"बसला," सूनबाई म्हणाली.

त्यांनी तरीही दांडा ओढून बघितला. बसला होता.

चाक चढलं, तेल भरलं. सूनबाई हात धुता धुता हळूच म्हणाली, "बाबा, बाईंना सांगू का, उजवा तेव्हा खराब होता आणि डावा आता आता गेला म्हणून? जुन्या गाडीत होतं असं. कुणाला शंका येणार नाही. तुमचं नावही राहील."

सोपं होतं. खोटंही अर्धंच होतं. काढून टाकलेला उजवा एक्सलही काही फार ताजा नव्हता. मिस्त्रींनी क्षणभर ते मनात घोळवून पाहिलं. गाडी दुरुस्त, नाव शाबूत.

"आणि उजवा बदलल्यावरही त्यांना जो ऐकू आला तो कुठून आला?" ते म्हणाले. "आता गेला म्हटलं तर आधीचा भासच ठरला की. अर्जावर सही करतील त्या. माझ्या नावासाठी त्या बाईला वेडी ठरवू होय?"

बाई तीनच्या सुमाराला आल्या. दारातच थांबल्या, आत येईनात. मिस्त्रींनी जुना सांधा उचलून त्यांच्यासमोर धरला.

"आवाज होता, बाई."

"आज होता?"

"पहिल्या दिवसापासून होता. तुम्ही ऐकलात तो शंभर टक्के खरा होता. मधे बंद झाला तो आपोआप नाही, सूनबाईने तुम्हाला न सांगता ग्रीस भरलं म्हणून. तिनेही ऐकला होता. तुमचे कान ठीक आहेत आणि डोकंही ठीक आहे. कान माझे गेलेत. दोन वर्षं झाली. मला काही ऐकू आलं नाही आणि मी तुम्हाला वहम आहे म्हणालो."

बाई सांध्याकडे बघत राहिल्या. एका खाचेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग तिथल्याच एका टायरवर बसल्या. त्या हसतील, सुटले म्हणतील, असं सूनबाईला वाटलं असेल. तसं काही झालं नाही.

"दार वाजलं ना," बाई म्हणाल्या, "की मी आधी भावाला फोन करायचे. विचारायचे, तू येणार होतास का? तो हो म्हणाला तरच उघडायचे. चार महिने. परवा शेजारीण पंधरा मिनिटं दार ठोकत होती, आणि मी आत पलंगावर कानांवर हात दाबून बसले होते. मला वाटलं, आईचं सुरू झालं तसं माझं झालं."

मिस्त्री त्यांच्यासमोर उभे राहिले आणि हात जोडले. सूनबाईनेही जोडले.

"हात काय जोडता," बाई रागाने म्हणाल्या आणि डोळे पुसून उठल्या. "किल्ली द्या."

त्यांनी गाडी एकटीने मागच्या जागेत नेली. उजवीकडे पूर्ण वळवून चार फेऱ्या, डावीकडे वळवून चार. मिस्त्री दारात उभे राहून बघत होते. काच खाली होती, बाईंनी मान बाहेर काढली होती. पुन्हा दोन फेऱ्या. मग गाडी आणून त्यांच्यापुढे थांबवली.

"कटकट गेली," त्या म्हणाल्या. पुढचं बोलावं की नाही, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आवाज एकदम लहान करून म्हणाल्या, "पण ब्रेक दाबला की मागून एक बारीकशी शीळ आल्यासारखी वाटते. म्हणजे... वाटते. तुम्ही बसून बघता का एकदा?"

सूनबाईने काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"तुम्हाला आली ना ऐकू? मग आहे," ते म्हणाले. "सूनबाई, मागची चाकं खोल."