अप्पांच्या पँटची पिशवी

माझी दानेश्वरी दुसरीत हाय. तिचे अप्पा हायवेला ट्रकखाली गेले, तवापास्नं पोरीला आवाज सोसत न्हाय. बाक सरकला तरी वर्गातनं धूम ठोकायची. एकदा तर पार रंकाळ्यापर्यंत गेलती. वर्गाचे चौगुले सर म्हणाले, "मल्लव्वाबाई, हे असंच चालणार असलं तर पोरीला घरी ठेवा." घरी? मी दिवसभर शाहूपुरीत दुकानात. घरी बघायला कोण, भिंती?

शाळेत बुधवारी मेहक मॅडम येतात, थेरपीच्या. मला आधी वाटलं, वेड्यांची डॉक्टरीण असंल. पण बाई लई गुणाची. पोरीसंगं जमिनीवर बसायची, कणीक मळायला द्यायची. मला म्हणाली, "मांडीवर जरा वजन असलं की हिचा जीव थाऱ्यावर येतो. पिशवी शिवा, शाळूचे, ज्वारीचे दाणे भरा. पण हवी तेव्हा तिनं घ्यायची, नको तेव्हा तिनंच काढायची." सरांनाबी तिनं हेच सांगितलं.

मी तिच्या अप्पांची खाकी पँट कापली. खिसा तसाच ठेवला. पोरगी पिशवी मांडीवर घ्यायची आणि खिशात हात घालून बसायची. दिवाळीपर्यंत एकदाबी पळाली न्हाय. आंबाबाईची ओटी भरून आले मी.

सरांना मात्र त्यात भलताच गुण दिसला. पोरगी बोलली, ठेव पिशवी. पाणी मागितलं, ठेव पिशवी. काढायची न्हाय, उठायचं न्हाय. पुढं दंगा करणाऱ्या दुसऱ्या पोरांच्या मांडीवरबी तीच. हे मला मागनं कळलं, तवा काय ठाऊकच नव्हतं. पोरगी घरी बोलतीय कुठं!

परवा शाळेतनं फोन आला. जाऊन बघते तर पोरगी बाकावर, परकर ओला, मांडीवर पिशवी तशीच. सर हसत म्हणाले, "लघवीचं सोडा, गप बसली होती की दिवसभर. किती शहाणी झालीय!"

"शहाणी? मुडदा बशिवला तुझा!" म्हटलं. आख्ख्या शाळेनं ऐकलं.

घरी येऊन पिशवी न्हाणीत टाकली आणि तिथंच बसून मोठ्यानं रडले. दानेश्वरी आली. ती जड पिशवी दोन्ही हातांनी उचलून तिनं माझ्या मांडीवर आपटली.

"आवाज न्हाय," बोट नाचवत म्हणाली. "हलायचं न्हाय."

पिशवी फिरवून मी खिसा तिच्याकडं केला. "बघ की बाळा, अप्पांचा खिसा."

तिनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.