मागेल ते द्यायचं

छकुली चार वर्षांची झाली तरी आईजवळ चकार शब्द काढायची नाही, आणि आत्या आली की मात्र "पाणी", "दे", "अजून" सुरू! आईच्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं.

आत्या, म्हणजे आईची थोरली नणंद, उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती यायची, जमिनीवर मांडी घालून बसायची आणि वहीत तीन रकाने आखायची: आधी काय झालं, पोरीने काय केलं, नंतर काय झालं. आणि जिने नऊ महिने पोटात वाढवलं, ती आत भांडी आपटत राहायची.

"ताई, तिच्या मनात माझ्याबद्दल अढी आहे का हो?" एकदा तिने न राहवून विचारलं.

"अढी आहे असं म्हटलं, तर उद्या सकाळी तू वेगळं काय करणारेस?" नणंद म्हणाली. "मनातलं मला नाही कळत. मला दिसतं ते एवढंच, की ती पेल्याकडे नुसती बघते आणि तू पेला हातात देतेस. मग तिने बोलावं कशाला? दहा मोजेपर्यंत थांबायचं. नाहीच बोलली तर देऊन टाक. पण शब्द आला, तर मागेल ते त्याच क्षणी द्यायचं. चाललं तर खरं. नाही चाललं तर माझं चुकलं, दुसरं काहीतरी शोधू."

शहाणी! हिला कुठे पोटचं पोर आहे, असं आईच्या मनात आलं. तिने तो विचार गिळला, पण गिळताना तो गोड लागला.

बुधवारी तिने करून बघितलं. पटलं म्हणून नव्हे, नणंदेची जिरवायची होती म्हणून. पेला छातीशी धरून ती छकुलीसमोर बसली. एक, दोन, तीन. छकुलीने हात पुढे केला, मग आईचा पदर ओढला. सात, आठ. आई नऊ म्हणत असताना छकुलीने पेल्यावरची नजर उचलली आणि थेट आईच्या डोळ्यांत पाहिलं. असं तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली. मग दाराकडे बोट करून, "आत्या दे."

ज्या शब्दासाठी चार वर्षं जीव टांगणीला लागला होता, तो आला आणि आला तोही नणंदेला हाक मारत. आईला वाटलं, पेला भिंतीवर आपटावा. नाहीतर ऐकलंच नाही असं दाखवावं. घरात बघायला होतं कोण? पण आज दिलं नाही, तर ही पोर पुन्हा कधी तिच्याकडे काही मागेल?

तिने एका हाताने पेला छकुलीच्या ओठांना लावला आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला.

"ताई, असाल तशा या."

"का गं? रडतेस का?"

"तुम्हाला मागतेय ती." पुढचं आईने ठासून सांगितलं. "माझ्याकडे मागतेय."