आधी तेल, मग पेट्रोल

मित्रांनो, माझा दिवस लाथ खाऊन सुरू होतो. रोज सकाळी पेट्रोल इंजिनात उतरावे म्हणून मला एका अंगावर आडवी करतात, पुन्हा सरळ उभी करतात आणि किकवर पाय ठेवून कचकन लाथ हाणतात. एकीने भागले नाही तर दुसरी, दुसरीनेही नाही तर एक शिवी आणि तिसरी. मी हाताने गिअर टाकायची जुनी स्कूटर आहे. सोलापूरच्या भवानी पेठेत राहते. मार मला नवा नाही. पण माझ्यापायी एक भाऊ दुसऱ्याच्या जिवावर उठला, तो दिवस आठवला की आजही माझे नटबोल्ट थरथरतात.

मला या घरात आणले यशवंतरावांनी. ते वायरमन होते. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मी दारात आले तेव्हा त्यांच्या पत्नीने, मीनाबाईंनी, गल्लीभर पेढे वाटले. पुढे धाकटा दिपक उभा, मागे मीनाबाई, मधे चेंगरलेला थोरला बुद्धभूषण, असे सगळे बिऱ्हाड मी पाठीवर वाहिले. एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत मला निळा झेंडा लागे आणि यशवंतराव उगीचच हॉर्न वाजवत.

माझ्या जातीच्या इंजिनाला नुसते पेट्रोल चालत नाही. त्यात तेल मिसळावे लागते, नाहीतर आतले लोखंड लोखंडावर घासून जळते. हे पंपावरचा माणूस विसरू नये म्हणून यशवंतरावांनी सीट उचलल्यावर टाकीच्या झाकणाजवळ लाल ऑइलपेंटने लिहून ठेवले होते, 'आधी तेल, मग पेट्रोल.' अक्षर अगदी कोंबडीने पाय उमटवल्यासारखे होते. पण ते होते तोवर मला एकदाही कोरडे पेट्रोल पाजले गेले नाही.

यशवंतराव गेले आणि मी अंगणाच्या कोपऱ्यात पडले. माझ्या सीटवर कोंबड्या बसल्या, पत्र्याला गंज चढला. वाटले, आता भंगारवाला येणार. त्याऐवजी बुद्धभूषण आला, हातात हातोडा घेऊन.

त्याला जुन्या स्कूटरचे वेड लागले होते. नोकरीवरून आला की तो माझ्यावर तुटून पडे. त्याने माझे पत्रे सोलले, हातोडीने ठोकले, ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. ॲसिडसारखे काहीतरी ओतून त्याने माझी जुनी कातडी उतरवली. मी ओरडू शकत असते तर सारी पेठ गोळा झाली असती! मग निळा रंग, चकचकीत आरसे, पांढरी शिलाई घातलेले सीट. शेजारच्या शांतम्मा हसून म्हणाल्या, "अय्यो, नवरी नटवालास काय रे?"

त्या नटवण्यात त्याने एक गोष्ट केली. सीटखालची लाल अक्षरे त्याला गबाळी वाटली. त्याने ती खरवडून काढली आणि वर निळा रंग मारला.

रविवारी सकाळी होम मैदानाजवळ जुन्या स्कूटरवाल्यांचा मेळा भरे. तिथे माझे फोटो निघत, बुद्धभूषणची छाती फुगे. मलाही सुख वाटे, खोटे कशाला बोलू? मात्र त्याचे हे प्रेम हळूहळू दुसऱ्यांच्या अंगावर येऊ लागले. माझ्यावर दप्तर टेकवले म्हणून त्याने शाळेतल्या पोराच्या कानफटात मारली. आरशाला धक्का लागला म्हणून रिक्षावाल्याची कॉलर धरून त्याचे डोके रिक्षाच्या दांडीवर आपटले. रक्त आले. बुद्धभूषणने आधी माझा आरसा पाहिला.

एक दिवस तो कामावर असताना दिपकच्या गाडीचे चाक पंक्चर झाले. त्याला वळसंगला मावशीकडे औषध पोचवायचे होते. मीनाबाईंनी खुंटीवरची किल्ली त्याच्या हातात दिली. "हिच्यावरनं जा की. तुज्याबी बापाची हाय."

दिपकची नोकरी कुरिअरची. जन्मभर बिनगिअरचीच गाडी चालवलेली, तिच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागत नाही. गिअर चाचपडत तो पंपावर पोचला, सीट उचलले, पेट्रोल टाकले आणि निघाला. तेलाची आठवण करून द्यायला सीटखाली काही उरलेच नव्हते.

अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर माझ्या पोटात आग पेटली. तापले, किंचाळले, धूर सोडला. दिपकला वाटले, जुनी गाडी, करत असेल कुरकुर. त्याने रेसचा कान आणखी पिळला. वळसंग दिसू लागले आणि पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटला. मागचे चाक एका क्षणात जाम झाले. मी आडवी झाले, डांबरावर ठिणग्या काढत घसरत गेले आणि दिपक माझ्याखाली फरफटत आला. कटकन आवाज झाला. तो माझा नव्हता. दिपकचा हात कोपरात मोडला होता.

संगप्पा नावाच्या टेम्पोवाल्याने आम्हा दोघांना उचलले. "आदी दवाखाना की रे!" तो म्हणत होता. दिपक रक्ताने माखलेल्या तोंडाने म्हणाला, "आदी घरी घ्या. दादाला दुसऱ्या कुणी सांगितलं तर मारूनच टाकंल मला." मित्रांनो, मोडलेल्या हातापेक्षा त्याला सख्ख्या भावाची भीती जास्त होती.

बुद्धभूषण नुकताच जेवायला घरी आला होता. टेम्पोतून मला उतरवताना त्याने माझा खरवडलेला निळा रंग पाहिला. दिपककडे पाहिलेही नाही. पाहिले ते थेट लाथ घालताना. ज्या पायाने रोज मला चालू करी, त्याच पायाने त्याने भावाच्या पोटात लाथ हाणली. दिपक भिंतीपाशी कोसळला.

"दादा, हात मोडलाय रं..."

"मोडू दे! हिचा नास करलास तू!" म्हणत त्याने पुन्हा लाथ मारली. मग कपाळमोक्ष करील असा चाकाचा जड पाना उचलला. शांतम्मा दारात किंचाळल्या. संगप्पा मधे पडला, तर त्याला एका धक्क्यात बाजूला फेकले. पाना वर गेला.

आत मीनाबाई शेंगाचटणी कुटत होत्या. त्या लोखंडी बत्ता घेऊन तशाच धावत आल्या. मला वाटले, आता पोराचे डोके फुटणार. पण तो बत्ता बसला माझ्यावर. पहिल्या घावात दिवा फुटला. दुसरा मडगार्डावर. तिसरा तिथेच. पत्रा आत गेला.

"हिच्यापायी भावाचा जीव घेतूस व्हय?" त्या ओरडल्या. "मग मी हिलाच संपवते! किल्ली म्या दिली. मार मला! मार की!"

बुद्धभूषणचा पाना हवेतच राहिला. मीनाबाईंनी माझे सीट उचलले.

"हितं तुज्या बापानं लिवलं व्हतं. कुटं हाय ते?"

सीटखाली गुळगुळीत निळा रंग होता. त्यात बुद्धभूषणचे तोंड दिसत होते. त्याच्या हातातून पाना गळला. मग तो खाली बसला आणि भावाच्या तोंडावरचे रक्त स्वतःच्या शर्टाने पुसू लागला. त्यानेच दिपकला उचलून टेम्पोत घातले. मी अंगणात फुटक्या काचांत पडून राहिले आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही.

पुढे दिपकच्या हातात स्टीलची पट्टी बसली, पण कोपर पूर्ण सरळ होत नाही. माझे इंजिन नव्याने बांधले, दिवा आला, रंग आला. बुद्धभूषणने लाल डबा आणून सीटखाली तीच अक्षरे लिहिली. त्याचेही अक्षर बापावर गेलेले. मात्र मडगार्डावरचा पोचा त्याने काढला नाही. होम मैदानावर कोणी विचारले की तो एवढेच सांगतो, "आईनं केलंय ते. ऱ्हाऊ द्या."

आता दिपकला एकट्याला मला आडवी करता येत नाही. थोरला मला तिरकी धरतो, सरळ करतो आणि धाकटा लाथ मारतो.

मित्रांनो, मला पुसा, जपा, तेल पाजा. पण माझ्या ओरखड्यासाठी कुणावर पाय उचलू नका. लाथ मारायचीच असेल तर मला मारा, मी तिनेच चालू होते. माणूस तिने नुसता मोडतो.