बिनसणाचं माहेर

राहीला सासरी येऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत तिला माहेराचा उंबरा दिसला नव्हता. कोंडून ठेवली होती म्हणावं, तर बोर्लीच्या त्या घराला धड कडीसुद्धा नव्हती. सासऱ्यानं, धर्माजींनी, तिला कडीकुलपाशिवाय अडकवलं होतं आणि त्यासाठीचं हत्यार राहीच्या सख्ख्या बापानंच त्यांच्या हाती दिलं होतं.

त्याचं असं झालं. दोन्ही घरं ख्रिस्ती, पण मिशनं वेगळी. धर्माजींकडे नाताळ म्हणजे नाताळ! भिंतींना चुना, दारावर कागदी तारा, डबे भरून करंज्या. राहीचा बाप चांगदेव तिकडे उरणला मिठागरावर राहायचा. त्याला ज्या गोऱ्या पाद्र्यानं बाप्तिस्मा दिला, तो कुठलाच दिवस पाळत नसे. तारखा माणसांनी ठरवल्या, देवानं नव्हे, असं तो सांगे. चांगदेवाला ते पुरतं पटलं. शिमगा आणि गौरी-गणपती त्यानं आधीच सोडले होते, वर नाताळही नको म्हणाला. बरं, नको तर नको, गप्प बसावं की नाही? राहीच्या लग्नात भर पंगतीत त्यानं सगळ्यांना ऐकवलं, "देवाला समदं दिवस सारखं!" धर्माजींनी ते वाक्य नीट लक्षात ठेवलं.

लेकी माहेरी जातात त्या सणाला. बापानं न्यायला यायचं, सासऱ्यानं थोडे आढेवेढे घ्यायचे आणि मग पाठवायचं, ही रीत. चांगदेव पहिल्यांदा आला तेव्हा धर्माजींनी हसत विचारलं, "कुठल्या सणाला नेताय, व्याही?" सण नव्हता, म्हणून राही नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच. नवरा मुंबईला गोदीत, त्याच्यापाशी रडावं तर तोही नाही. गावातल्या सुना पंचमीला, गौरीला हसतखिदळत निघाल्या की राही विहिरीवर त्यांच्याकडे पाठ करून उभी राही. बापाचा तिला इतका राग येई, की रहाटाचा दोर हाताला काचला तरी कळत नसे.

एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या नाताळाच्या आदल्या दिवशी चांगदेव तिसऱ्यांदा आला. राही चुलीपाशी करंज्या तळत होती. दाराच्या फटीतून तिला तो दिसला. पार वाळला होता.

"पोरीला धाडा, व्याही," तो म्हणाला. "तिच्या आयच्या, कृष्णाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आता मानूस नुसतं सावलीगत दिसतं. समदंच जायच्या आत लेकीचं त्वांड बघायचं म्हनती."

राहीचा हात थबकला. आय आंधळी होत चालली होती आणि इथे तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"डोळं काय आजच जात न्हाईत," धर्माजी म्हणाले. ओटीवर चारसहा माणसं ताऱ्याला कागद चिकटवत बसली होती, त्यांच्याकडे बघून ते हसले. "ऐन नाताळात घरची सून कशी धाडू? हां, तुमच्याकडं नाताळ असंल तर गोष्ट निराळी. म्हना, नाताळाला नेतो. आत्ता धाडतो. दिघीची दुपारची आगबोट बी गावंल."

म्हण बा, राही मनातल्या मनात ओरडली. एक शब्द तर म्हणायचाय. देवाच्या पुस्तकात नसला तर नसू दे!

चांगदेवानं ओटीवरच्या ताऱ्याकडे एकदा बघितलं. "खोटं कसं बोलू?" तो अखेर म्हणाला. "आमच्याकडं नाताळ न्हाय." आणि त्यानं छत्री उचलली.

संपलं, राहीला वाटलं. हा आता पुन्हा यायचा नाही, आणि आला तरी तोवर आयला आपण दिसणार नाही. खऱ्याची एवढी चाड, मग लेकीची का नाही? तिला संताप आवरेना. झारा हातात तसाच धरून ती ओटीवर आली. चार पुरुषांत सुनेनं असं येणं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"मामंजी, आमच्याकडं एक दिवस पाळत्यात."

"राही!" बाप दटावून म्हणाला.

"पाळत्यात. मार्गशीर्षातल्या पुनवेला. बा त्या दिवशी पान्याचा थेंब घेत न्हाय. आय घावनं करती, ती कुनी खात न्हाय. भरती लागल्यापास्नं वसरस्तवर बा बांधावर बसून ऱ्हातो."

धर्माजींना हसू आवरेना. "मार्गशीर्षातली पुनव? म्हंजी दत्तजयंती! वा व्याही, नाताळ न्हाय आन् दत्त हाय?"

ओटीवर हशा पिकला. राहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाला सोडवायला आली आणि तिनंच त्याला खड्ड्यात ढकललं. हे मिशनात कळलं तर त्याला कोण जवळ करणार होतं?

चांगदेव हशा ओसरेपर्यंत उभा राहिला.

"दत्ताची असंल," तो म्हणाला. "माझ्या ल्योकाची, नामाची बी हाय. ल्हान होता, घावनं लई आवडायची त्याला. उधानानं मिठागराचा बांध फुटला, त्यात ग्येला. मी इसरलो बी असतो, व्याही. पर दर साली त्या पुनवेला पानी बांधाला लागतं, त्याला मी काय करू?" "व्हय, पाळतो. देवाला समदं दिवस सारखं असतील. मला न्हाईत."

राहीची सासू वेणूबाई आतून आली. तिनं स्वतःची दोन मुलं मातीआड केली होती. तिच्या हातात राहीचं गाठोडं होतं.

"पुनव परवाच हाय," ती म्हणाली. "नीघ, आगबोट चुकंल."

"आन् उद्याचा नाताळ?" धर्माजी म्हणाले.

"करंज्या मी तळीन." तिनं राहीच्या हातून झारा काढून घेतला.

दिघीच्या वाटेला चांगदेव पुढे आणि राही मागे अशी दोघं निघाली.

"तुला कसं ठावं?" त्यानं वळून न बघताच विचारलं. "बांधावर मी येकलाच असायचो."

"मी बी बसायची, बा. तुझ्या मागं. तू कदी मागं बघितलंच न्हाईस."

चांगदेव थांबला. मग वळून त्यानं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं.