सर माईकवर जे बोलले

अंतिम सामना संपला तेव्हाच सरांचा घसा बसला होता. सर म्हणजे क्लबचे फुटबॉलचे प्रशिक्षक. सगळं शहर त्यांना सर म्हणायचं, आणि चारचौघांत त्यांची बायकोही "आमचे सर" असंच म्हणायची. माणूस कामाला वाघ, पण तोंडाचा फटकळ. सरावात त्यांच्या शिव्यांचा पट्टा सुटला की शेजारच्या इमारतीतल्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. खेळाडूंना त्याचं काही वाटायचं नाही. उलट सर एखाद्याशी नीट बोलले की तो हबकायचा, आज आपल्याला बाकावर बसवणार म्हणून.

त्या सामन्यात सरांना सगळ्यात जास्त झोंबलं ते डावऱ्याचं वागणं. डावऱ्या हा त्यांच्याच हाताखाली घडलेला, डाव्या पायानं खेळणारा पोरगा. बाप लवकर गेला, आई लाँड्री चालवायची. क्लबच्या जर्सी तिच्याकडेच धुवायला जायच्या, आणि सर तिला वहिनी म्हणायचे. या वर्षी डावऱ्या पुलापलीकडच्या क्लबात गेला. अंतिम सामन्यात त्यानं सरांच्याच संघावर गोल चढवला, आणि वर धावत सरांच्या बाकापर्यंत येऊन ओठांवर बोट ठेवलं. गप्प बसा! सरांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढे त्यांच्या संघानं दोन गोल करून कप जिंकला, तरी ते बोट काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उघड्या ट्रकवरून मिरवणूक निघाली. ऊन रणरणत होतं, रस्ता माणसांनी तुंबला होता. ट्रकवर संघ, मध्ये कप, आणि कपाला खेटून क्लबचे अध्यक्ष. त्यांनी माईक सरांच्या हातात कोंबला.

"सर, दोन शब्द!"

सरांनी खरखरत्या आवाजात सगळ्यांचे आभार मानले. ते माईक परत देणार, तेवढ्यात खालून भोंग्या ओरडला. भोंग्या गॅरेजमध्ये फिटर होता. क्लबचा एकही सामना त्यानं चुकवलेला नव्हता, आणि त्याच्या आवाजामुळेच त्याला हे नाव पडलं होतं.

"सर, डावऱ्यासाठी पण काहीतरी होऊन जाऊ द्या!"

गर्दी हसली. सरही हसले. आणि मग त्यांनी माईक तोंडाजवळ धरून डावऱ्याच्या आईवरून एक शिवी हासडली.

मग असा हल्लकल्लोळ उठला की ट्रकच्या फळ्या थरथरल्या. अध्यक्ष पोट धरून हसत होते. तो गजर सरांना गोड लागला. गोल झाल्यावरही इतका गजर कधी ऐकला नव्हता. त्यांनी ती शिवी पुन्हा दिली. पहिल्यांदा ती तोंडातून निसटली असं म्हणता आलं असतं. दुसऱ्यांदा त्यांनी छातीभर श्वास घेतला होता.

भोंग्यानं ती लगेच उचलली. टाळ्यांच्या ठेक्यावर बसवली. मागच्यांनी ती पुढच्यांकडून घेतली, आणि बघता बघता सगळा रस्ता एका सुरात तीच शिवी घोकू लागला. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरंसुद्धा.

ट्रक बाजाररस्त्याच्या कोपऱ्यावर वळला. लाँड्री याच रस्त्यावर होती. हे त्यांना आधी कसं आठवलं नाही, कोण जाणे. त्यांनी ड्रायव्हरच्या टपावर थापा मारल्या.

"थांबवू नकोस! सरळ पुढे काढ!"

"कुठून काढू सर? माणसं चाकाखाली घालू?"

सरांनी माईक ओढला, पण कुणीतरी नाचता नाचता वायर उपटली होती. त्यांचा बसलेला घसा हवेत नुसता फुसफुसला.

लाँड्रीत वहिनी मेजावर इस्त्री करत होत्या आणि डावऱ्या तयार कपडे बांधत होता. आवाज जवळ आला तसा तो शटर ओढायला बाहेर आला. लोकांनी त्याला पाहिलं. पहिली बाटली शटरवर फुटली, दुसरी त्याच्या कपाळावर. तो भेलकांडला, तेवढ्यात दोघातिघांनी त्याला कॉलर धरून रस्त्यावर खेचलं. लाथा बसू लागल्या. पाठीत, बरगड्यांत, तोंडावर. डावऱ्या दोन्ही हातांनी डोकं झाकून सरपटत दुकानाकडे जात होता, आणि त्याच्या डोक्यावर तीच शिवी टाळ्यांसकट आदळत होती.

वहिनी तापलेली इस्त्री घेऊन बाहेर आल्या. वायर तुटून मागे लोंबत होती. समोर आलेल्या पहिल्याच माणसाच्या गालावर त्यांनी ती टेकवली. चर्र आवाज झाला, तो माणूस गुरासारखा ओरडला, आणि गर्दी हातभर मागे सरली. तेवढ्यात त्यांनी मुलाला काखेत धरून आत ओढलं. धड आत आलं. डावा पाय अजून उंबऱ्यावर होता.

भोंग्या आणि आणखी एक जण शटरला लोंबकळले. सगळ्या ताकदीनिशी त्यांनी ते खाली आदळलं.

हाड मोडल्याचा आवाज सरांनी ट्रकवरून ऐकला. निदान त्यांना तरी पुढे कायम तसंच वाटत राहिलं. भोंग्यानं शटर पुन्हा वर उचललं. पाय काढून घेऊ द्यायला नव्हे, पुन्हा आदळायला.

सरांच्या हाताशी कप होता. पितळी, लाकडी बैठकीचा, दोन कानांचा. तो उचलून त्यांनी ट्रकवरून उडी टाकली. वाटेत आलेल्याला कोपर मारलं, दुसऱ्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. "सर! सर आले!" म्हणून कुणी त्यांना मिठी मारायला आला, त्याच्या नाकावर त्यांनी डोकं आपटलं. शटरपाशी पोचले आणि भोंग्याच्या तोंडावर त्यांनी कप हाणला.

भोंग्या वळला. चेहऱ्यावर राग नव्हताच, नुसतं आश्चर्य होतं. सरांनी पुन्हा हाणला. कपाचा कान त्याच्या डोळ्यात घुसला. तो गुडघ्यांवर बसला, तरी सर थांबले नाहीत. बैठकीचं लाकूड फुटलं, रक्त कोपरापर्यंत उडालं, आणि शेवटी संघाच्या कप्तानानं मागून मिठी घालून त्यांना उचलून बाजूला केलं तेव्हा ते हातपाय झाडत होते. तोंडानं शिव्याच चालू होत्या. फक्त आवाज फुटत नव्हता.

पोलीस आले, काठ्या चालल्या, रस्ता रिकामा झाला. डांबरावर चपला आणि झेंडे उरले.

चौकीतून सुटल्यावर सर आधी रुग्णालयात गेले. डावऱ्याच्या खोलीबाहेर वहिनी बसल्या होत्या. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि उठून दार आतून लावून घेतलं. मग सर खालच्या मजल्यावर भोंग्याकडे गेले. डोळा काढावा लागला होता. अर्धा चेहरा पट्ट्यांत होता. सरांना पाहून तो उठून बसायला लागला, सवयीनं.

"पडून राहा."

"सर," भोंग्या म्हणाला. त्याचा तो गाजलेला आवाज आता पार खोल गेला होता. "माझं काय चुकलं? मी तर तुमचंच म्हणत होतो."

सर खाटेपाशी वाकले.

"शटर कुणी पाडायला सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही," भोंग्या म्हणाला. "पण तुम्ही इतकं चिडला होतात ना. मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

पुढचे दिवस सगळीकडे सरांचीच चर्चा होती. सरांनी कपानं मारलं ते बरोबर की चूक, यावर टीव्हीवर माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. शिवीचा विषय निघाला की सगळे हसून सोडून देत. क्लबच्या बैठकीतही तेच झालं.

"मारहाण आम्हाला पाठीशी घालता येणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "दोन वर्षं तुम्ही संघापासून लांब राहा. तोवर वातावरण निवळेल."

"आणि मी बोललो ते?"

"ते काय?"

"माईकवर."

अध्यक्षांनी हात झटकला. "अहो, आनंदाच्या भरात निघून जातं तोंडातून. प्रशिक्षक शिव्या नाही देणार तर काय अंगाई म्हणणार? आणि शिवीनं काय अंगाला भोकं पडतात?"

"तेव्हा तुम्ही हसलात," सर म्हणाले.

"सगळेच हसले."

"म्हणून तर मी दुसऱ्यांदा दिली."

खोलीत कुणीतरी खाकरलं. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. सर दार आपटून बाहेर पडले ते थेट लाँड्रीवर गेले.

दुकान उघडं होतं. वहिनी मेजावर चादरीला इस्त्री करत होत्या. जुनी मोडली होती, ही कुणाकडून तरी मागून आणलेली असावी, कारण त्या ती दर वेळी अंदाज घेत टेकवत होत्या. सर पायरीशी उभे राहिले.

"वहिनी, माफी मागायला आलोय."

"कशाची?"

"जे झालं त्याची."

"जे झालं ते त्या लोकांनी केलं. त्यांच्यावर खटला चाललाय." त्यांनी इस्त्री उभी केली. "तू काय केलंस ते सांग."

आजवर त्यांनी सरांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. सरांनी मान खाली घातली.

"शिवी दिली."

"कुणाला?"

"डावऱ्याला."

"खोटं बोलू नकोस. त्यात त्याचं काहीच नव्हतं, सगळं माझं होतं. गोल त्यानं केला, बोट त्यानं दाखवलं, क्लब त्यानं सोडला. आणि भर रस्त्यात उघडी केलीस मला." त्या मेजाला वळसा घालून समोर आल्या. "आता म्हण. मी उभी आहे ना समोर? त्या दिवशी म्हणालास तसंच म्हण."

"वहिनी..."

"म्हण!"

सरांचे ओठ हलले. आयुष्यभर जो शब्द त्यांनी पाण्यासारखा सांडला होता तो आता बाहेर येईना. वहिनींनी उजव्या हातानं त्यांच्या कानाखाली वाजवली. मग डाव्या हातानं. सरांची मान दोन्ही बाजूंना हलली. त्यांनी हात वर केला नाही. तिसऱ्या वेळी त्यांचा ओठ दाताखाली येऊन फुटला, आणि मग वहिनीच धापा टाकत मेजाला टेकल्या.

आतल्या दाराशी डावऱ्या उभा होता. कुबड्यांवर, डावा पाय लोखंडी सळ्यांत जखडलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालेल, पण खेळायचं आता विसरा.

"आई, बस झालं."

मग तो सरांकडे वळला.

"सर, मी बोट दाखवलं ते चुकलंच माझं. तुम्ही खाली येऊन मला बडवलं असतंत तरी मी काही बोललो नसतो."

"मला माहीत आहे."

"मग तिला कशाला मध्ये घेतलंत?"

सरांनी ओठावरचं रक्त बाहीला पुसलं. तशीच सवय होती, सगळेच देतात, ती तोंडात तयार होती म्हणून दिली, यातलं एकही कारण त्यांना तोंडाबाहेर काढवेना.

"आता जा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी चादरीची दुसरी बाजू वर घेतली आणि हातानं सुरकुती काढू लागल्या.

सर गेले नाहीत. पायरीखालीच उन्हात उभे राहिले. येणारेजाणारे त्यांना ओळखत होते, थांबून बघत होते. एकानं तर टाळ्या वाजवून जुना ठेका धरायचा प्रयत्न केला.

"गप्प बस," सर त्याला म्हणाले, हळू आवाजात, आणि तो माणूस गडबडून चालू पडला.