‘म्हणे’ खोडा

मोठे सर आणि चौथीच्या बाई यांच्यात विस्तव जात नव्हता. सहा वर्षं बाई हंगामी होत्या, आणि सहाही वर्षं मोठ्या सरांनी त्यांना ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून झुलवलं होतं. यंदा कायम केल्याची ऑर्डर टाइप झाली होती. फक्त सही बाकी होती, आणि ती सही मोठे सर कुत्र्याला बिस्कीट दाखवावं तशी दाखवत होते.

भांडण पेटलं ते एका शब्दावरून. इतिहासाच्या पहिल्याच तासाला बाईंनी मुलांना नियम घालून दिला होता: जे आपण पाहिलं नाही आणि ज्याचा पुरावा नाही, त्या वाक्याला ‘म्हणे’ लावायचं. पोरांना खेळच मिळाला. ‘राजाने एका रात्रीत किल्ला बांधला म्हणे.’ ‘आजोबांचा वर्गात पहिला नंबर यायचा म्हणे.’ घरोघरचे आजोबा चिडले, आज्या खूश झाल्या.

मग ‘आपली शाळा’ हा धडा आला. शाळेचे संस्थापक म्हणजे मोठ्या सरांचे वडील. दारातच त्यांची तसबीर होती आणि खाली पाटी: ‘स्वतःची जमीन विकून ही शाळा बांधली.’ मोठ्या सरांनी कौतुकाने वह्या मागवल्या. छत्तीसच्या छत्तीस वह्यांत शेवटी तेच वाक्य होतं, आणि त्याला ‘म्हणे’ चिकटलेलं होतं.

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“माझ्या वडिलांना खोटं पाडता?”

“खोटं नाही, सर. ऐकीव. जमीन विकल्याचा कागद दाखवा, मुलं आपणहून शब्द काढतील.”

“चौथीच्या पोरांना कागद दाखवू? उद्या माझा जन्मदाखला मागाल!”

कागद असता तर सरांनी तो तोंडावर फेकला असता. हे बाईंना कळलं, आणि त्यांना कळलंय हे सरांनाही कळलं. तेच जास्त झोंबलं.

“उद्या पहिल्या तासाला सगळ्या वह्यांतलं ‘म्हणे’ खोडायचं. मी स्वतः येणार, ऑर्डर खिशात घेऊन. पुढचं तुमचं तुम्ही बघा.”

घरी नवरा म्हणाला, “एका शब्दापायी नोकरी घालवतेस? खोड आणि मोकळी हो.” बाईंना त्याचा संताप आला, कारण त्याचं म्हणणं त्यांना पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सरळ शेपूट घातलं. “वह्या काढा. शेवटच्या वाक्यातलं ‘म्हणे’ खोडा.” मोठे सर दारात उभे होते. खिशातून पाकीट डोकावत होतं. छत्तीस खोडरबरं घासायला लागली, तेवढ्यात पहिल्या बाकावरून हात वर झाला. या पोरीला सगळा वर्ग ‘शंकासुर’ म्हणायचा.

“बाई, पुरावा मिळाला?”

“नाही.”

“तुम्ही पाहिलंत?”

“नाही गं.”

“मग कुणी सांगितलं?”

बाईंनी दाराकडे पाहिलं. “मोठ्या सरांनी.”

पोरीचं समाधान झालं. तिने शब्द नीट खोडला, फुंकर मारून कचरा उडवला, काहीतरी लिहिलं आणि वही पुढे केली. ‘संस्थापकांनी स्वतःची जमीन विकून ही शाळा बांधली, असं मोठे सर म्हणतात.’

शेजारणीने वाकून पाहिलं. मग मागच्या बाकाने. खोडरबरं थांबली आणि पेन्सिली सुरू झाल्या.

“बाई!” मोठे सर आत येऊन गरजले. “चूक द्या तिला! आत्ता, माझ्यासमोर!”

बाईंनी लाल पेन उघडलं. वाक्य दोनदा वाचलं. त्यात चूक शोधली, अगदी मनापासून, पोटापाण्याची नोकरी वाचवायला माणूस शोधेल तशी शोधली. सापडली नाही. त्यांनी ‘बरोबर’ची खूण केली आणि पुढच्या वहीसाठी हात पुढे केला.

मागे टरकन कागद फाटला. बाईंनी वळून पाहिलं नाही. त्यांची ऑर्डर होती म्हणे.